अरगॉनचा द्रव का होईना?

अरगॉन हा निष्क्रिय वायू. आपल्या हवेत तो सुमारे एक टक्का असतो. वातावरणाच्या नेहमीच्या दाबाला ८७ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे १८६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत आहे. २००२ साली आमच्या संगणकातला अरगॉन मात्र काही केल्या द्रव व्हायला तयार नव्हता.

आम्ही तेव्हा संशोधक विद्यार्थी होतो. संगणकात एक काल्पनिक पेटी घ्यायची, तीत काहीशे अणू ठेवायचे आणि दिलेल्या दाबाला व तापमानाला ते कसे वागतील ते पाहायचे, असे काम होते. यासाठी वापरायची पद्धत निकोलस मेट्रोपोलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली मांडली. जुगाराच्या अड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लो या गावाचे नाव तिला मिळाले आहे, कारण तिच्यात पावलोपावली फासे टाकावे लागतात. कुठलाही एक अणू निवडायचा, त्याला जरासा हलवायचा आणि सगळ्या अणूंची मिळून ऊर्जा किती बदलली ते पाहायचे. ऊर्जा कमी झाली तर ती हालचाल मान्य. वाढली तर फासा टाकायचा. वाढ जितकी मोठी तितकी मान्यता मिळण्याची शक्यता कमी. अधूनमधून पेटीचे आकारमानही असेच किंचित कमीजास्त करून बघायचे. अशी लाखो पावले झाली की पेटी आपल्याला हव्या त्या दाबाच्या व तापमानाच्या अवस्थेत येऊन स्थिरावते.

प्रथम आम्ही ३०० केल्व्हिनला, साध्या वातावरणीय दाबाला पेटी चालवून पाहिली. आकारमान आले ते आदर्श वायूच्या सूत्रातून येते तेवढेच. खरा अरगॉनही या स्थितीत जवळजवळ आदर्श वायूसारखाच वागतो. आम्ही खूश झालो. मार्गदर्शकांना आलेख दाखवला, त्यांनीही मान डोलावली. मग अणू एकमेकांना खेटून ठेवले आणि तापमान ८५ केल्व्हिन धरले. या तापमानाला अणूंनी एकत्र राहायला हवे होते. ते राहिले नाहीत. एकमेकांची ओळखच नसल्यासारखे पांगले आणि पेटी फुगत फुगत पुन्हा आदर्श वायूच्या आकारमानावर जाऊन थांबली. नोंदी बारकाईने पाहिल्या तेव्हा आणखी एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. अणू हलवण्याचा प्रत्येक प्रयत्न मान्य झाला होता. एकदाही फासा टाकावा लागला नव्हता! याचा अर्थ एकच. ऊर्जा कधी बदलतच नव्हती.

दोन अरगॉन अणूंमधील ऊर्जेसाठी लेनर्ड-जोन्स यांचे प्रसिद्ध सूत्र वापरतात. त्यात एक ठरावीक लांबी असते; अरगॉनसाठी ती सुमारे ३.४ अँगस्ट्रॉम. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.) या लांबीला दोन अणूंमधील अंतराने भागायचे. आलेल्या भागाकाराचा बारावा घात घ्यायचा, त्यातून त्याचाच सहावा घात वजा करायचा आणि वजाबाकीला एका स्थिरांकाच्या चौपटीने गुणायचे. बारावा घात अणूंना दूर लोटतो, सहावा जवळ ओढतो. विद्यार्थ्यांनी हे कागदावर करून पाहावे. सहावा घात नेमका अर्धा येईल असे अंतर घेतले, तर बारावा येतो पाव. पाव वजा अर्धा म्हणजे उणे पाव, आणि त्याची चौपट उणे एक. म्हणजे तेथे ऊर्जा त्या स्थिरांकाएवढी, पण ऋण. हा ऊर्जेचा तळ. अरगॉनसाठी ते अंतर सुमारे ३.८ अँगस्ट्रॉम भरते. आमच्या प्रोग्रॅमला हे अंतर देऊन ऊर्जा विचारली. उत्तर आले शून्य. पाच अँगस्ट्रॉमला शून्य, दोनला शून्य. बारावा घात आणि सहावा घात स्वतंत्रपणे छापून पाहिले, तर दोन्ही १. अगदी २ या संख्येचा बारावा घात विचारला तरी उत्तर १!

काही दिवसांपूर्वी आम्ही प्रोग्रॅमचा वेग वाढवण्यासाठी घात काढण्याची जुनी रीत टाकून नवी घातली होती आणि ती वेगळी तपासून घ्यायचा आळस केला होता. ही चूक निखालस आमची. पण नव्या रीतीत चूक काही केल्या सापडेना. ती रीत काय होती आणि घोटाळा कुठे झाला, हे समजण्यासाठी आधी वर्गात एक खेळ खेळू.

दहा-बारा मुलांना रांगेत उभे करा आणि प्रत्येकाला एकच नियम सांगा: तुझ्याकडे आलेला आकडा शून्य असेल तर मागच्याला '१' सांग, नसेल तर आकडा एकने कमी करून पुढच्याला दे, त्याच्याकडून येणाऱ्या उत्तराला २ ने गुण आणि ते मागच्याला सांग. पहिल्या मुलाला ५ द्या. आकडा पुढे पुढे जात शून्य होईल, तिथून १ परत फिरेल आणि २, ४, ८, १६ होत पहिल्या मुलाकडे ३२ येतील. दोनाचा पाचवा घात निघाला. नियम एकच, पण तो स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारतो. संगणकाच्या भाषेत याला रिकर्शन म्हणतात. शून्याचा नियम सांगायला तुम्ही विसरलात तर आकडा उणे एक, उणे दोन असा पुढे जात राहील आणि शेवटी रांगच संपेल. संगणकात अशा वेळी स्मृतीतली राखीव जागा संपते आणि प्रोग्रॅम कोसळतो.

आता खेळ थोडा बदला. एक सामाईक नियम सांगण्याऐवजी खेळ सुरू होण्याआधी शिक्षकांनी स्टाफरूममध्ये बसून प्रत्येक मुलासाठी वेगळी चिठ्ठी लिहायची. ५ क्रमांकाच्या चिठ्ठीत '४ क्रमांकाच्या चिठ्ठीवाल्याला विचार आणि उत्तराला २ ने गुण', ४ क्रमांकाच्या चिठ्ठीत '३ वाल्याला विचार', असे करत ० क्रमांकाच्या चिठ्ठीत फक्त '१ सांग'. मैदानावर आता आकडा कमी करायला नको, शून्य आहे का ते तपासायला नको. खेळ झपाट्याने होतो. पण चिठ्ठ्यांचा मजकूर सारखाच असल्याने शिक्षक त्या हाताने लिहीत बसत नाहीत. ते एक साचा करतात. साच्यात क्रमांकाची जागा मोकळी असते. अमुक क्रमांकाची चिठ्ठी हवी म्हटले की साच्यातून ती काढायची.

सी प्लस प्लस या भाषेत अशा साच्याला टेम्प्लेट म्हणतात आणि स्टाफरूममधले काम करतो तो कंपायलर. आपण माणसाला वाचता येईल अशा भाषेत प्रोग्रॅम लिहितो. कंपायलर त्याचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो. हे रूपांतर चालू असतानाचा काळ म्हणजे स्टाफरूम, आणि प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालतो तो काळ म्हणजे मैदान. ही दोन ठिकाणे मनात वेगळी ठेवली की पुढचे सगळे सोपे आहे. आमचा साचा मराठीत लिहायचा तर असा होता:

घात<न>(क्ष) = क्ष × घात<न–१>(क्ष)
घात<०>(क्ष) = १

कोनी कंसातला न हा चिठ्ठीचा क्रमांक आणि गोल कंसातला क्ष म्हणजे मैदानावर मिळणारी संख्या. घात<१२> मागितला की कंपायलर साच्यातून १२ क्रमांकाचे फंक्शन तयार करतो. त्यात घात<११> चा उल्लेख दिसतो, म्हणून तेही तयार करतो, आणि असे करत शून्यापर्यंत येतो. म्हणजे इथे रिकर्शन स्वतः कंपायलरच करतो, तेही आपला प्रोग्रॅम सुरू होण्याच्या आधी.

आम्हाला पहिली शंका आली ती आमचा शून्याचा नियम चुकला असावा ही. अशा साच्यांमध्ये नवशिक्यांची सर्वाधिक फसगत याच ठिकाणी होते. त्यातली एक तऱ्हा फार बोधप्रद आहे. शून्याची वेगळी चिठ्ठी लिहायचा कंटाळा येतो म्हणून साच्यातच लिहायचे: 'तुझा क्रमांक ० असेल तर १ सांग, नसेल तर एकने कमी क्रमांकाच्या चिठ्ठीवाल्याला विचार.' वाचायला बिनचूक वाटते. मैदानावर शून्यवाला कधीच उणे एकला विचारायला जाणार नाही. पण स्टाफरूमचे काय? शून्याच्या चिठ्ठीत उणे एकच्या चिठ्ठीचा उल्लेख आहे, म्हणून शिक्षकांना ती लिहून ठेवणे भाग. तिच्यात उणे दोनचा उल्लेख आहे. खेळ सुरूच होत नाही, चिठ्ठ्या लिहिणे काही संपत नाही. हा कंपायलरचा दोष नव्हे, त्याला सांगितले तेच तो करतो आहे. 'ही अट स्टाफरूममध्येच तपास आणि नको असलेला भाग लिहूच नकोस' असे सांगण्याची सोय भाषेत २०१७ सालच्या मानकाने आली. तिचे नाव 'इफ कॉन्स्टएक्स्प्र'. तोवर शून्याची वेगळी चिठ्ठी लिहिण्याला पर्याय नव्हता.

मग कंपायलर चिठ्ठ्या लिहिण्यात कायमचा अडकतो का? नाही. तो काही पातळ्यांनंतर हात टेकतो आणि 'फार खोल गेलो' असे सांगून थांबतो. किती पातळ्या तरी किमान सोसायच्या याबद्दल १९९८ सालच्या मानकात शिफारस होती फक्त १७ ची. २०११ साली ती १०२४ वर गेली. जीसीसी हा बहुतेक लिनक्स यंत्रांवर आढळणारा कंपायलर आपण वेगळे काही सांगितले नाही तर ९०० पातळ्यांवर थांबतो; म्हणजे शिफारशीहून थोडे आधीच.

येथे हुशार विद्यार्थी विचारील, की आकडा उणे होत चालला हे माणसाला दिसते, तर कंपायलरला का दिसू नये? मर्यादा घालण्याऐवजी साचा संपणारा आहे की नाही हे त्याने आधीच ओळखावे. याचे उत्तर गंमतीदार आहे. १९९४ साली सी प्लस प्लसच्या मानक समितीच्या बैठकीत एर्विन उनरू यांनी एक प्रोग्रॅम दाखवला. तो कंपाइल होतच नसे. पण कंपायलर ज्या चुका दाखवी त्या चुकांच्या संदेशांमध्ये क्रमाने २, ३, ५, ७, ११ अशा मूळ संख्या येत! प्रोग्रॅम एकदाही न चालवता कंपायलरकडून गणित करवून घेतले होते. साच्यांची भाषा ही स्वतःच एक पूर्ण संगणकीय भाषा आहे, कोणतेही गणन तिच्यात मांडता येते, हे टॉड फेल्डहाउझेन यांनी २००३ साली रीतसर दाखवून दिले. आणि ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच सिद्ध केले होते, की असे कोणतेही गणन दिले असता ते थांबेल की नाही हे दर वेळी अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. तेव्हा एखादा साचा संपणारा आहे की नाही हे कंपायलरला काही वेळा कळेल, पण सर्व वेळा कळणे अशक्य. म्हणून पातळ्यांची मर्यादा. ती काढून टाकता येणार नाही.

आमचा साचा मात्र बारा पातळ्यांचा, शून्याची वेगळी चिठ्ठी असलेला, आणि विनातक्रार कंपाइल होणारा. दोन दिवस आम्ही त्या दोन ओळींकडे टक लावून बसलो. नंतर सहज म्हणून एका सहकाऱ्याने दोन ओळींचा क्रम बदलून पाहिला, तर उत्तर १ येण्याऐवजी प्रोग्रॅमच कोसळला, रांग संपल्यासारखा. मग आम्ही तोच प्रोग्रॅम शेजारच्या खोलीतल्या लिनक्स यंत्रावर जीसीसीला दिला. सहावा घात ६४, बारावा ४०९६. दोनही बरोबर! प्रोग्रॅमचे एक अक्षरही बदलले नव्हते. आमच्या यंत्रावरचा कंपायलर वेगळा होता, आणि तो तेव्हा फार लोक वापरत असत. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. पुढच्या आवृत्तीत त्याचा हा दोष दूर झाला.

दोष होता नाव ठेवण्यात. कंपायलरने तयार केलेले तुकडे एकत्र जोडण्याचे काम लिंकर नावाचा दुसरा प्रोग्रॅम करतो. लिंकर फार साधा असतो. त्याला फक्त नावे कळतात, नावामागचा मजकूर कळत नाही. सी प्लस प्लसमध्ये एकाच नावाची अनेक फंक्शने असू शकतात: पूर्णांकाचा घात काढणारे एक, दशांश संख्येचा काढणारे दुसरे. म्हणून बेल लॅबमध्ये ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी ही भाषा घडवली त्या काळापासूनच कंपायलर फंक्शनच्या नावाला मागे शेपूट जोडतो. घात-पूर्णांक, घात-दशांश, अशी ही शेपटे समजा. ती आपल्याला दिसत नाहीत, लिंकरला मात्र तीच दिसतात.

शाळेच्या कार्यालयात हेच काम जावक क्रमांक करतो. समजा एकच परिपत्रक तीन विभागांकडून तीन प्रतींत आले. कारकून क्रमांक पाहतो, तिन्हींवर एकच दिसला की एक प्रत फाइलला लावतो आणि उरलेल्या दोन टाकून देतो. बरोबरच आहे. साच्यांच्या बाबतीत लिंकर असेच करतो आणि त्याला ते करावेच लागते, कारण मोठ्या प्रोग्रॅमच्या दहा भागांत घात<१२> वापरला असेल तर कंपायलर दहा ठिकाणी त्याच्या दहा प्रती काढतो. आता कल्पना करा, की तेरा निरनिराळ्या परिपत्रकांवर चुकून एकच जावक क्रमांक पडला. कारकून त्यातले एक ठेवील आणि बारा टाकून देईल. त्याची त्यात काय चूक?

आमच्या कंपायलरने शेपूट जोडताना गोल कंसातल्या गोष्टींचे प्रकार धरले, पण कोनी कंसातला क्रमांक धरलाच नाही. घात<०> पासून घात<१२> पर्यंतच्या तेराही फंक्शनांना एकच नाव मिळाले: घात-दशांश. टिकली एकच प्रत. ती शून्याची असेल तर कोणताही घात विचारा, उत्तर १. बारावा १, सहावा १, वजाबाकी शून्य. अणूंमधले आकर्षणही गेले आणि अपकर्षणही गेले, म्हणून पेटीत आदर्श वायू. आणि टिकलेली प्रत ५ किंवा १२ क्रमांकाची असेल तर ती पुढच्याला म्हणून जी हाक मारते ती तिलाच ऐकू येते. शून्य कधी येतच नाही, म्हणून प्रोग्रॅम कोसळतो. ओळींचा क्रम बदलल्यावर आम्हाला दिसले ते हे. स्वतःला हाक न मारणाऱ्या साच्यांमध्येही हा दोष नुकसान करीच, पण रिकर्शनवाल्या साच्यात त्याने सगळी साखळीच एका कडीवर आणून ठेवली.

आम्हाला यातली सर्वात धास्तीची गोष्ट वाटते ती वेगळीच. कोसळणारा प्रोग्रॅम निदान ओरडून सांगतो. शून्यवाल्या प्रतीने तसे केले नाही. तिने ३०० केल्व्हिनला बरोबर उत्तर दिले! आमचे काम फक्त विरळ वायूपुरते असते तर आमचे आलेख छापूनही आले असते.

उपाय नंतर कळला, आणि तो हसू येईल इतका साधा होता. गोल कंसात एक फाजील गोष्ट टाकायची. तिच्यात काही साठवायचे नाही, तिने काही करायचे नाही. फक्त तिचा प्रकार क्रमांकानुसार वेगळा असावा. म्हणजे घात<१२>(क्ष) ऐवजी घात(क्ष, क्रमांक<१२>). शेपटीत गोल कंसातले प्रकार येतात, त्यामुळे क्रमांकही आपोआप आला आणि तेरा फंक्शनांना तेरा नावे मिळाली. त्याच संध्याकाळी ८५ केल्व्हिनला अणू एकत्र राहिले. आम्हीच पहिले नव्हतो हेही लवकरच समजले. सी प्लस प्लस वापरणाऱ्यांच्या बूस्ट या मुक्त लायब्ररीत, निरनिराळी फंक्शने गुपचूप एकात मिसळून टाकणाऱ्या कंपायलरांसाठी हीच युक्ती तयार करून ठेवलेली होती.

कंपायलर हाही माणसांनीच लिहिलेला प्रोग्रॅम आहे, तेव्हा त्यात चुका असणारच. त्या किती असाव्यात याचा अंदाज २०११ साली आला. अमेरिकेतील युटा विद्यापीठातील जॉन रेगेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीस्मिथ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. तो सी भाषेतले वाटेल तसे, पण नियमाला धरून असलेले प्रोग्रॅम रचतो. तोच प्रोग्रॅम अनेक कंपायलरांना द्यायचा आणि उत्तरे ताडून पाहायची. एकाचे वेगळे आले तर तिथे पाणी मुरते आहे. आम्ही दोन खोल्यांत जे नाइलाजाने केले ते त्यांनी पद्धतशीर केले. तीन वर्षांत त्यांनी ३२५ हून अधिक अज्ञात चुका कळवल्या. त्यांनी तपासलेला प्रत्येक कंपायलर कधी ना कधी कोसळला आणि कधी ना कधी चुपचाप चुकीचे उत्तरही देऊन गेला. झाविए लरुआ यांनी फ्रान्समध्ये तयार केलेला कॉम्पसर्ट हा सी भाषेचा कंपायलर यात वेगळा ठरला. रूपांतर बरोबर होते याची गणिती सिद्धता संगणकाकडून तपासून घेऊन तो लिहिलेला आहे. त्याच्या सिद्ध केलेल्या भागात चुकीचे रूपांतर करणारी एकही चूक त्यांना सापडली नाही. सापडल्या त्या सिद्धतेबाहेर राहिलेल्या भागात. सी प्लस प्लसचे साचे मात्र कॉम्पसर्टच्या आवाक्यात नाहीत.

एक सावधगिरीची सूचना शिक्षकांना द्यायला हवी. हे वाचून वर्गातले एखादे पोर उत्तर चुकले की 'सर, कंपायलरचीच चूक आहे' म्हणू लागेल. बहुतेक सगळ्या वेळा चूक त्याचीच असेल. त्याला म्हणावे, प्रोग्रॅम कापत कापत दहा ओळींवर आण, मग दुसऱ्या कंपायलरला दे, आणि तरीही दोघांची उत्तरे वेगळी आली तर माझ्याकडे ये. दहा ओळींवर आणता आणताच त्याला आपली चूक सापडते.

आमचा तो जुना प्रोग्रॅम अजून वापरात आहे. त्या फाजील गोष्टीशेजारी आम्ही २००२ साली टीप लिहून ठेवली होती: निरुपयोगी दिसते, काढू नये. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने ती काढून टाकली आणि मग येऊन सांगितले. आम्ही दोघांनी मिळून बारावा घात छापून पाहिला. ४०९६ आला. मग तिने टीपही पुसली.